वेलचेरीच्या हवेतला हलवा

रेवाच्या दारात चपला काढता काढताच शैलाची नजर त्या टोपलीवर गेली. ताडाच्या पानाच्या विणलेल्या इवल्या इवल्या पेट्या, लिंबाएवढ्या. प्रत्येकीला झाकण, झाकणाला लाल दोऱ्याचं बोंड. चाळीसेक तरी असतील. कुणी केल्या हे विचारायची गरजच नव्हती. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या त्या तीन मजली इमारतीत असल्या पेट्या विणणारी एकच बाई होती, आणि ती शैला नव्हती.

"काकू, बघितल्यात?" यशला कडेवर घेऊन रेवा बाहेर आली. "बोरन्हाणाला मुलांच्या हातात द्यायला. हेमाक्कांनी केल्या. आत कल्कंड, म्हणजे आपली खडीसाखरच हो, आणि एकेक वेलदोडा. मी नुसतं म्हटलं, रिटर्न गिफ्टला काय देऊ, तर तिसऱ्या दिवशी टोपली हजर!"

शैलाने एक पेटी उचलली, उलटी केली, झाकण काढलं, लावलं.

"छान आहेत," ती म्हणाली. "झाकणं जरा सैल वाटतात."

झाकणं सैल नव्हती. इतकी नेमकी बसत होती, की लावताना आतली हवा निघाल्याचा बारीक आवाज यायचा. तो आवाज शैलाला घरी परत जाईपर्यंत ऐकू येत होता.

शैला जगदाळे सत्त्याण्णव साली चेन्नईला आली. नवरा संजीव शहराबाहेरच्या मोटारींच्या कारखान्यात. सकाळी साडेसहाला कंपनीची बस धरायचा, तो दिवेलागणीनंतर परत. शैला सातारची, बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शास्त्र शिकवलेली. तिथे तिच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा. इथे आल्यावर भाजीवाल्यापुढे पडवळाकडे बोट दाखवून उभं राहावं लागायचं. पहिली दोन वर्षं ती जवळजवळ मुकीच होती म्हणा ना. मग बोलायचं काम तिच्या हातांनी अंगावर घेतलं. शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला तिने पुठ्ठ्याचे अकरा मुकुट केले, प्रत्येकावर मुलाचं नाव. कुणाच्या डोहाळजेवणाला मोगऱ्याच्या कळ्यांचे दागिने केले. एका लग्नाच्या रुखवतात शंकरपाळ्यांचं तुळशीवृंदावन उभं केलं, त्यात पणती ठेवायला कोनाडासुद्धा. कारखान्यातली आणि कॉम्प्युटर कंपन्यांतली मिळून पन्नासेक मराठी घरं असतील. त्या घरांत काहीही कार्य निघालं, की "शैलाकाकूंना विचारा" हे वाक्य आधी यायचं. तिच्या कपाटात कपडे कमी आणि बुटांची रिकामी खोकी जास्त. एका खोक्यात टी. नगरच्या बाजारातून आणलेल्या टिकल्या आणि जरीची किनार, एकात तारा, एकात पांढरे दोरे.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे हलव्याचे दागिने. नव्या सुनेचा पहिला सण असो की बाळाचं बोरन्हाण, काळ्या कपड्यावर पांढराशुभ्र काटेरी हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा शैलाकडूनच जायचा. बायका बोटाने हळूच काटा चाचपून बघायच्या. मद्रासच्या हवेत काटा! ज्यांच्या घरी मीठ डबीतून चमच्याने खरवडून काढावं लागतं, त्यांना त्याचं अप्रूप वाटणारच.

खरी गोष्ट अशी, की तो हलवा शैला करतच नव्हती.

हलवा करायचा म्हणजे मंद विस्तवावर परात ठेवून त्यात तीळ घ्यायचे, चमच्याचमच्याने पाक सोडायचा, बोटांनी फिरवत राहायचं. असे चार-पाच दिवस गेले की दाण्याला काटा फुटतो. त्याला हवा लागते कोरडी आणि थंड. सातारला पौषात ती मिळते, आणि सातारला शैलाच्या मोठ्या जाऊबाई होत्या. दर वर्षी त्या दीड किलो हलवा डब्यात कापूस घालून पाठवायच्या. दाणा न दाणा दोऱ्याच्या गाठीत बसवणं, तारेवर चढवणं, मुकुटाला आकार देणं, हे सगळं शैलाचं. पण बायका विचारायच्या ते काट्याबद्दल. पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, "अय्या, या हवेत घरी केलात?" तेव्हा शैलाच्या तोंडात तिळगुळाचा लाडू होता. तिने नुसती मान हलवली. ती होकाराच्या बाजूला हलली. पुढची आठ वर्षं तिला ती मान परत फिरवता आली नाही.

हेमावती आली दोन वर्षांपूर्वी, तिसऱ्या मजल्यावर. तंजावरच्या मराठी घरातली. नवरा बालाजीराव रेल्वेतून निवृत्त झालेले. पन्नाशीची बाई, दोन्ही नाकपुड्यांत हिऱ्याच्या चमक्या, केसांत रोज गजरा. पहिल्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "तुम्हीही आमचेच लोक की! आम्हांस फार आनंद झाला." तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी डबीत घालून ठेवलेली भाषा आज झाकण उघडल्यासारखी. सगळ्या बायका वेड्या झाल्या. "कित्ती गोड बोलतात नाही हेमाक्का!" शैला सात वर्षं त्याच बायकांशी शुद्ध मराठीत बोलत होती, तिला कुणी एकदाही गोड म्हटलं नव्हतं.

मग पेट्या सुरू झाल्या. कुणाच्या बारशाला हेमावतीने वेलदोड्यांची माळ केली. कुणाच्या मुंजीला गूळपाकातल्या डाळ्यांचा सुळका केला, देवळाच्या शिखरासारखा, आणि तो फोडायचा मान बटूच्या आजीला दिला. मुलांच्या वाढदिवसाला ताडाच्या पानाचे पोपट आणि पेट्या. पैशाचा प्रश्नच नव्हता, दोघीही कुणाकडून दमडी घेत नसत. त्यामुळेच सगळा हिशेब कौतुकात व्हायचा, आणि शैला तो अगदी बारीक ठेवायची. कुणी कुणाची पेटी शोकेसमध्ये ठेवली, कुणी आपला पुठ्ठ्याचा मुकुट पलंगाखाली टाकला, तिला सगळं पाठ होतं. मागच्या जूनमध्ये तिची स्वतःची देविका, तेरा वर्षांची पोर, मैत्रिणीच्या वाढदिवसाहून तसली पेटी घेऊन आली आणि अभ्यासाच्या टेबलावर मांडून बसली.

"आई, तुला येते का ग अशी?"

"त्यात काय आहे न येण्यासारखं!"

देविका शाळेत गेल्यावर शैलाने पेटी उसवली. कशी विणली आहे ते बघायला, एवढंच. उसवताना सगळं समजत होतं. परत विणायला घेतली तेव्हा पहिल्याच कोपऱ्यावर बोटं अडली. तासभर झटून तिने त्या पट्ट्या गुंडाळल्या आणि दोऱ्यांच्या खोक्यात तळाशी घातल्या. संध्याकाळी देविकाला सांगितलं, मोलकरणीने केरात टाकली असेल. ती मोलकरीण त्या आठवड्यात आलीच नव्हती.

पण हे सगळं चिल्लर होतं. खरा घाव बसला ऑक्टोबरात.

रेवा तळमजल्यावरची. नागपूरची मुलगी, संगणकाच्या कंपनीत, नवरा महेश सारखा बंगळूरला. तिचं डोहाळजेवण शैलाने केलं, यशचं बारसं शैलाने केलं. तिला ताप आला तर शैला पेज घेऊन खाली जायची. 'काकू' म्हणताना रेवा जो 'का' लांबवायची, तो शैलाच्या चेन्नईतल्या मिळकतीतला सगळ्यात मोठा दागिना होता. आणि त्या वर्षी नेमकी दिवाळीला शैला सातारला गेली. इकडे आभाळ फाटलं. वेलचेरीत कमरेएवढं पाणी. महेश बंगळूरला अडकलेला. सहा महिन्यांच्या यशला डोक्यावर धरून हेमावतीने त्याला तिसऱ्या मजल्यावर नेलं, मागोमाग रेवाला. अकरा दिवस दोघं तिच्याकडे होती. शैला परत आली तेव्हा यश हेमावतीच्या चमक्यांकडे बघून टाळ्या वाजवायला शिकला होता.

या गोष्टीचा राग करावा तरी कसा? शैलाने स्वतःला शंभरदा विचारलं. बाईने लेकरू वाचवलं. आपण असतो तर आपणही नेलं असतं. 'आपण असतो तर' इथपर्यंत आली, की ती हातातलं काम टाकून उठायची.

त्या दिवशी टोपली बघून झाल्यावर रेवा म्हणाली, "दागिने मात्र तुमचेच हं, काकू!" शैलाच्या जिवात जीव आला. सातारचा डबा आलेला होता. एवढ्यात रेवाने पुढचं वाक्य टाकलं, अगदी सहज, यशचं नाक पुसता पुसता. "हेमाक्कांना ना, हलवा करताना एकदा बघायचाय. मी म्हटलं, काकू दाखवतील की! त्या शिकल्या म्हणजे पुढच्या वर्षीपासून तुमच्यामागचाही त्रास कमी."

त्रास!

संध्याकाळी जिन्यात हेमावतीने गाठलंच. "शैलाबाई, मजला कधी बोलावतां? ह्या हवेंत काटा येतो तरी कसा, ते पाहणें होतं."

नाही म्हणायला हजार कारणं होती. पण त्या चमक्या जिन्याच्या दिव्यात अशा काही लखलखल्या, की शैलाच्या तोंडून निघून गेलं, "शुक्रवारी सकाळी आठला या. शेवटचा हात तेव्हाच असतो."

"शुक्रवारी भोगी ना?"

"असू दे की. भोगीला आमच्याकडे काही मोठं नसतं. भाजी, भाकरी, एवढंच."

हेमावतीने भुवया जरा वर केल्या. मग जिना चढून वर गेली.

सोमवारपासून शैला परातीपुढे बसली. आपण स्वतः हलवा करायचा, काटा आणायचा आणि त्या बाईच्या डोळ्यांसमोर परात फिरवायची, असं तिने ठरवलं. दाणेदाणे सुटे राहायचे सोडून तीळ एकमेकांना मिठ्या मारायचे. पाक पातळ केला तर ओले, घट्ट केला तर चिक्की. बोटांची टोकं भाजून लाल झाली. बुधवारी बऱ्यापैकी गोल, गुळगुळीत दाणे जमले, पण काट्याचा पत्ता नाही.

देविकाने परातीत डोकावलं. "आई, हे डांबराच्या गोळ्यांसारखं दिसतंय."

"जा, गणितं कर."

तिने सातारला फोन लावला. जाऊबाईंना आधी हसू आवरेना. "अगं, मी पाठवलाय ना डबा? कुणाशी पैज लावलीस का?" मग म्हणाल्या, "घरात कोंडून काटा येतो होय? मोकळी हवा लागते त्याला. पहाटेचा गारठा लागू दे. गच्चीवर ठेव."

"इथे गारठा कुठला, ताई?"

"पौष आहे बाई, कुठेतरी असेलच की!"

गुरुवारी आणखी एक संकट उभं राहिलं. तयार दागिन्यांचा डबा उघडला तर सातारचा हलवाही मऊ पडायला लागलेला. पुरानंतर त्या इमारतीच्या भिंती अजून वाळल्या नव्हत्या. कपाटात बुरशीचा वास होता. मुकुटाचे काटे बोटाला बोचेनात. शैलाने ठरवलं, पहाटे गच्चीवर दोन्ही ठेवायचं, परातही आणि दागिनेही.

शुक्रवारी चारला ती वर गेली. हवा खरंच गार होती. गारठा नव्हे, पण दंडावर शहारा येण्याइतका गारवा. चादर अंथरून तिने मुकुट, हार, बाजूबंद, मनगट्या, कंबरपट्टा आणि इवलीशी बासरी मांडली. शेजारी परात. क्षणभर सातारच्या घरामागचं अंगण आठवलं. पाच वाजता ती खाली आली ती भोगीचा स्वयंपाक उरकायला. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, वांगी, पावटा, गाजर, हरभरा घालून केलेली मिसळीची भाजी. मनाने ती पुरती सातारला होती. भाकरी थापता थापता तिने उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. इथे आल्यापासून दर भोगीला या वेळी ती लावायचीच. हाताला सवय होती, डोक्याला कळलंच नाही.

संजीव दाढी करता करता खोकत आला. "काय धूर आहे बाहेर! या वर्षी पुरात नासलेल्या गाद्या, चटया सगळं जाळतायत लोक. समोरच्यांनी तर टायर पेटवलाय."

तव्यावरची भाकरी तशीच टाकून शैला धावली.

चेन्नईला भोगी म्हणजे भाकरी नव्हे, होळी. जुनं ते सगळं पहाटे दारात आणून जाळायचं. नऊ वर्षं तिने ते पाहिलं होतं, नऊ वर्षं नाक मुरडून खिडक्या लावल्या होत्या. आणि आज तिने साखर मांडली होती गच्चीवर.

गच्चीवर पांढरा धूर आणि त्यातून अलगद तरंगत येणारी काळी पिसं. चादरीशी हेमावती उभी. नाकाला पदर, आणि दुसऱ्या हाताने वाळत घातलेलं आपलं नऊवारी लुगडं ओढून दागिन्यांवर टाकत होती. तिने ते उचललं तेव्हा मुकुट दिसला. करडा. काट्याकाट्यावर काजळी बसलेली, जळक्या रबराचा वास. परातीतले गोळे तर आता खरोखर डांबराचे होते.

"मी कपडे काढायास आलें, तेव्हां पाहिलें," हेमावती म्हणाली. "उशीर झाला होता."

शैलाच्या तोंडून पहिलं काय निघावं? "तुम्हाला सकाळी आठला बोलावलं होतं!"

 हेमावती वाकली, एका हातात परातीतला गुळगुळीत गोळा घेतला, दुसऱ्यात मुकुटातला काटेरी दाणा. दोन्ही तळव्यांवर ठेवून बघत राहिली. लपवायला आता काही उरलंच नव्हतं. शैलाने मान खाली घातली आणि टोमण्याची वाट पाहिली.

"सातारचा दाणा चांगला," हेमावती म्हणाली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मागल्या वर्षी तुमचं पार्सल ह्यांनीच घेतलं की. तुम्ही टी. नगरला गेलां होतां. वरती मोठ्या अक्षरांनी लिहिलं होतं, 'हलवा आहे, उलटा धरू नये.'"

शैला भडकली. "मग वर्षभर माहीत असून जिन्यात मला विचारलंत, काटा कसा येतो म्हणून? मुद्दाम?"

"मुद्दाम," हेमावतीने सरळ कबूल केलं. धुराने तिचे डोळे लाल झाले होते. "जळत होतें मी. चार घरीं पेट्या दिल्या, रात्र रात्र विणून. चारही घरीं लोकांनीं फोटो काढला तो तुमच्या मुकुटाचा. माझ्या पेटींतला कल्कंड खाल्ला, पेटी पोरांनीं फाडली. म्हटलें, ह्या बाईस एकदां अडकवूं."

शैला बघतच राहिली. खाली टायर फुटल्याचा आवाज झाला. नऊ वर्षांत या शहरात तिला अनेकांनी अनेक चांगल्या गोष्टी सांगितल्या होत्या, पण इतकं बरं तिला कशानेच वाटलं नव्हतं. ही बाई, ही पेट्यावाली, अकरा दिवस रेवाला घरात ठेवणारी, आपल्यावर जळत होती!

ते सुख फार वेळ टिकलं नाही. "उद्या बोरन्हाण आहे," ती म्हणाली आणि चादरीवर बसकण मारून रडायलाच लागली. "रेवाला काय दाखवू?"

हेमावतीने जरा वेळ तिला रडू दिलं. मग म्हणाली, "कल्कंड आहे मजकडे. तीन किलो. बारीक, कोनाकोनाचा. दमट हवेला भीत नाही तो. गाठीत बसेल काय?"

शैलाने पदराने डोळे पुसले. त्या पदरालाही काजळी लागलेली होती. "आणून दाखवा," ती म्हणाली.

दिवसभर दोघी हेमावतीच्या दिवाणखान्यात बसल्या. खडीसाखरेचा खडा हलव्यासारखा गोल नसतो, गाठ घसरते. शैलाने दोरा दुहेरी करून खड्याच्या कंबरेत आवळायची युक्ती काढली. काळवंडलेला हलवा कात्रीने कापून टाकला, तारा धुऊन घेतल्या. हेमावतीने हिरव्या वेलदोड्यांच्या कड्या ओवल्या. तिची बोटं इतकी भरभर चालत, की शैलाला बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. पण मुकुट उभा करायची वेळ आली तेव्हा हेमावतीने तीनदा तार वाकवली, तीनदा ती टोपी झाली. चौथ्यांदा तिने ती मुकाट्याने शैलापुढे सरकवली. शैलाने दोन बोटांत धरून, एक पीळ देऊन, मधला तुरा उभा केला. हेमावती ओठ आवळून बघत होती. ते आवळलेले ओठ शैलाने डोळे भरून पाहून घेतले.

बालाजीराव अधूनमधून दारात येऊन उभे राहात. "काळ्या कपड्यावर घालणार हे? पोंगलच्या दिवशी लेकराला काळं?"

"त्यांच्याकडे तशीच रीत," हेमावती म्हणाली. "तुम्ही कॉफी ठेवा."

शनिवारी संध्याकाळी रेवाच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पोंगलमुळे रस्त्यारस्त्यावर ऊस, त्यामुळे उसाच्या गंडेऱ्या परातभर. बोरं इथल्या बाजारातली, लहान आणि आंबटढोण. चुरमुरे, हरभरे, गोळ्या. काळ्या झबल्यात यश पाटावर बसला, आणि शैलाने त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. ट्यूबलाइटच्या उजेडात खडा न खडा चमकला. मध्ये वेलदोड्यांची हिरवी रेघ. बायकांच्या तोंडून 'आई ग!' निघालं.

"काकू!" रेवा ओरडली. "या वर्षी हलवा काय चमकतोय! कसा केलात?"

शैलाच्या तोंडात तिळगूळ होता. अगदी तसाच, आठ वर्षांपूर्वीसारखा. कोपऱ्यात हेमावती उसाच्या गंडेऱ्या सारख्या करत होती, मान वर न करता. ती काही बोलणार नव्हती, हे शैलाला कळलं. हे मोठं मनही तिच्याकडेच असावं, याचा शैलाला आणखी राग आला. तिने तिळगूळ गिळला.

"हा हलवा नाही, कल्कंड आहे. हेमावतीबाईंचा. बांधणी माझी." आणि मग, थांबलं तर परत होणार नाही म्हणून, एका दमात, "आणि आधीचा हलवाही मी करत नव्हते. सातारहून जाऊबाई पाठवायच्या. मी नुसती बांधायचे."

 एक बाई लगेच म्हणाली, "मला शंका होतीच हं."

रेवाचा चेहरा उतरला. "पण काकू, मी आईला दर वर्षी फोनवर सांगते, आमच्या काकू मद्रासच्या हवेत काटा आणतात म्हणून. आता तिला काय सांगू?"

 तेवढ्यात यशने कंबरेची बासरी उपटली आणि तोंडात घातली. साखरेचा खडा त्याला एवढा आवडला, की काढून घेऊ जाताच त्याने भोकाड पसरलं. रेवा त्याला थोपटायला वाकली, आणि वाकल्यावाकल्याच हसायला लागली. "आईला सांगते, यावर्षी काटा नव्हता म्हणून पोराला खाता आला."

मग लूट झाली. यशच्या डोक्यावरून बोरं, गंडेऱ्या, गोळ्या ओतल्या आणि पोरं तुटून पडली. जाताना प्रत्येकाच्या हातात एकेक पेटी. फोटो किती निघाले, आणि कशाचे, ते शैला मोजत होतीच. मुकुटाचे जास्त होते. पण आता मुकुटातही ती बाई होती, त्यामुळे हिशेब लागेना.

निघताना रेवाने विचारलं, "पुढच्या वर्षी?" विचारताना ती ना शैलाकडे बघत होती, ना हेमावतीकडे, दोघींच्या मधल्या जागेकडे बघत होती. शैलाला ते टोचलं. आधी ती सरळ आपल्याकडे बघायची.

रविवारी सकाळी शैलाने दोऱ्यांचं खोकं उपसलं, तळाची गुंडाळी काढली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. हेमावतीने त्या पट्ट्या हातात घेऊन उलटसुलट केल्या.

"ही माझीच की. कधी उसवलां?"

"जूनमध्ये."

"सहा महिने ठेवलां?"

"सात," शैला म्हणाली. "कोपरा वळवता येत नाही. दाखवा."

वाळलेल्या पट्ट्या पाण्यात घालून हेमावतीने नवं पान फाडून दिलं. कोपऱ्याची खुबी एवढीशीच होती. पट्टी वरून नाही, खालून आणायची. समजल्यावर शैलाला स्वतःचाच राग आला. तिची पहिली पेटी दीड तासाने पुरी झाली, एका बाजूला कललेली. हेमावतीने झाकण लावलं, काढलं, परत लावलं, बोटाने हलवून पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "झाकण जरा सैल वाटतं."

शैलाने चटकन तिच्याकडे पाहिलं. रेवाने सांगितलं असेल का? हेमावतीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. शैलाने झाकण हातात घेतलं. ते सैल होतंच. तिने ते उसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून विणायला घेतलं.